आधी कोण जाणार?

कॅलिफोर्नियात ड्रायव्हिंग लायसन्ससाठी डीएमव्ही, म्हणजे तिथलं मोटार वाहन खातं, आधी लेखी परीक्षा घेतं. अठरा वर्षांच्या वरच्यांना ३६ प्रश्न असतात आणि त्यातले ३० बरोबर यावे लागतात. सहा चुकांपर्यंत निभावतं, सातवी झाली की नापास. आपल्याकडे शिकाऊ लायसन्सच्या चाचणीला केंद्रीय नियमाप्रमाणे ६० टक्के पुरतात. इथे हिशेब ८३ टक्क्यांवर जातो. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय असतात, आणि त्या तिनांतला एक हमखास असा असतो की पुण्या-मुंबईत वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचं बोट नेमकं त्याच्यावर पडावं.

म्हणून या परीक्षेत नवशिक्यापेक्षा मुरलेल्या ड्रायव्हरला जास्त जपावं लागतं. नवशिका पुस्तकातून उत्तर देतो. मुरलेला माणूस पायातून उत्तर देतो, कारण ब्रेक, क्लच आणि हॉर्नची सवय अंगात भिनलेली असते. तयारी करायची ती या सवयीची. एकेक सवय बाहेर काढून तपासायची, आणि जी इथे चालणार नाही ती बाजूला ठेवायची.

अभ्यासाचं पुस्तक एकच, कॅलिफोर्निया ड्रायव्हर्स हँडबुक. डीएमव्हीच्या साइटवर ते फुकट मिळतं आणि प्रश्न त्यातूनच निघतात. प्रश्नसंचांच्या अॅपवर घोकंपट्टी करून जाणारे बरेच असतात, पण जुन्या संचात जुना कायदा असतो. क्रॉसवॉकला, म्हणजे पायी रस्ता ओलांडायच्या जागेला, पोहोचण्याआधीच्या २० फुटांत गाडी लावायची नाही, हा नियम मोडल्याचा दंड २०२५ पासून सरसकट लागू झाला. विम्याची किमान रक्कम १ जानेवारी २०२५ पासून वाढली: एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, एकाहून अधिक माणसांसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,०००. जुन्या संचात अजून १५, ३० आणि ५ हजार भेटतात. ते पाठ करून गेलात, तर मेहनत केल्याबद्दलच मार्क जातात. हँडबुक दोनदा सलग वाचा आणि त्यानंतरच खात्याच्या साइटवरच्या सराव परीक्षा सोडवा. आधी सराव आणि मग पुस्तक असा उलटा क्रम धरला, तर प्रश्न ओळखीचे होतात पण नियम डोक्यात शिरत नाही. परीक्षेत वाक्यरचना जरा बदलली की मग गोंधळ उडतो.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते ‘राइट ऑफ वे’पाशी. आपण मनात त्याचं भाषांतर ‘जायचा हक्क’ असं करतो आणि मग प्रत्येक चौकात हक्क कोणाचा ते शोधत बसतो. हँडबुक नीट वाचलं तर त्यात हक्कापेक्षा वाट देण्याची भाषा जास्त आहे. कोणी थांबायचं आणि कोणी वाट द्यायची, एवढंच ते सांगतं. समोरचा आपल्याला वाट देईलच असं गृहीत धरू नका, असंही बजावतं. ‘तुमची पाळी आहे, पण दुसरी गाडी पुढे येते आहे, काय कराल?’ या धाटणीच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वेळी ‘तिला जाऊ द्याल’ हेच असतं. हॉर्न देऊन पुढे जाण्याचा पर्याय तिथे असतो, पण तो चुकीचा पर्याय म्हणूनच.

आता स्टॉप साइनच्या चौकाकडे जरा जवळून बघू. लाल अष्टकोनी पाटी. पाटीच्या आसपास रस्त्यावर एक जाड पांढरी आडवी रेघ, तिला लिमिट लाइन म्हणतात. गाडीचं नाक त्या रेघेच्या अलीकडे थांबलं पाहिजे. रेघ नसेल तर क्रॉसवॉकच्या अलीकडे, आणि क्रॉसवॉकही नसेल तर चौकात शिरण्याच्या अलीकडे. थांबणं म्हणजे चाक फिरायचं पूर्ण बंद होणं. गाडी खरोखर थांबते तेव्हा तिचं नाक किंचित खाली वाकतं आणि मग परत वर येऊन स्थिर होतं. गाडी हळू करून तशीच सरकवत नेली तर हा हेलकावा येत नाही. घराजवळच्या एखाद्या स्टॉप साइनच्या कोपऱ्यावर दहा मिनिटं उभं राहून येणाऱ्या गाड्यांची नाकं बघा. कोण थांबलं आणि कोणी नुसतं थांबल्यासारखं केलं, हे लांबूनही कळतं. हँडबुकमधलं ते अख्खं पान या दहा मिनिटांत डोक्यात पक्कं बसतं.

चारी बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जातो. दोघं एकदमच आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. पाट्या नसलेल्या चौकातही उजवीकडच्याला वाट देणं हा आपल्याकडच्या नियमांतला शब्द इथे जसाच्या तसा लागू होतो, एवढं एक ओझं कमी. टी आकाराच्या तिठ्यावर, पाट्या नसतील तर, सरळ जाणाऱ्या रस्त्यावरचे आधी. गोल चौकात आत असलेल्यांना आधी जाऊ द्यायचं आणि मग आपण शिरायचं. इथे वर्तुळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. सिग्नल बंद पडला असेल तर तो चौक चारी बाजूंनी स्टॉप असल्यासारखा वापरायचा. वीज गेली की ज्याचं नाक पुढे त्याचा रस्ता, ही आपल्याकडची सवय इथे थेट एक मार्क घेऊन जाते.

दुसरी मोठी फसगत ‘फ्री लेफ्ट’ची. आपण डावीकडून चालवतो, म्हणून डावं वळण सोपं असतं आणि लाल दिव्यावरही गाड्या त्या बाजूने सुटत राहतात. कॅलिफोर्नियात उजवीकडून चालवतात, त्यामुळे सोपं वळण उजवं. लाल दिव्यावर उजवीकडे वळायला परवानगीही आहे. इथवर सगळं आरशातल्यासारखं जुळतं, आणि म्हणूनच माणूस फसतो. ही परवानगी पूर्ण थांबल्यानंतरची आहे. लिमिट लाइनपाशी थांबायचं, चालणाऱ्यांना आणि गाड्यांना जाऊ द्यायचं, आणि तिथे मनाईची पाटी नसेल तरच वळायचं. दिव्यात लाल बाण असेल तर तो हिरवा होईपर्यंत वळायचंच नाही. लालवर डावं वळण फक्त एका प्रसंगी चालतं, एकमार्गी रस्त्यावरून डावीकडे जाणाऱ्या एकमार्गी रस्त्यावर शिरताना, आणि तेही थांबून. हिरव्यावर डावीकडे वळताना समोरून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. आपल्या उजव्या वळणाला जी सावधगिरी लागते, ती इथे डाव्याला.

रस्त्यावरच्या रेघांचा रंग हाही आपल्याला नव्याने शिकावा लागतो. आपल्याकडे दुहेरी रस्त्याच्या मधोमध तुटक पांढरी रेघ सर्रास दिसते, तिच्या पलीकडून समोरची वाहतूक येते. कॅलिफोर्नियात पांढरी रेघ एकाच दिशेने जाणाऱ्या लेन वेगळ्या करते, तर समोरासमोरची वाहतूक पिवळी रेघ वेगळी करते. त्यामुळे दुहेरी रस्त्यावर पिवळी रेघ तुमच्या डाव्या हाताला हवी. ती उजव्या हाताला दिसली तर तुम्ही चुकीच्या बाजूला आहात. सलग दुहेरी पिवळी असेल तर ओव्हरटेक नाही, पण डावीकडे वळून घराच्या किंवा दुकानाच्या आवारात शिरायला ती ओलांडता येते. अशा दुहेरी पिवळ्या रेघांच्या दोन जोड्या दोन फूट किंवा त्याहून जास्त अंतरावर असतील तर ती भिंत समजायची, वळायलाही ओलांडायची नाही. परीक्षेत या दोन जोड्यांचा प्रश्न आला की घाईत वाचणारे तो साध्या दुहेरी रेघेचा समजतात.

काही रस्त्यांच्या मधोमध दोन्ही दिशांना वापरायची डाव्या वळणाची लेन असते. तिच्यात २०० फुटांपेक्षा जास्त चालवायचं नाही. ती वळायला थांबण्यासाठी आहे, पुढे घुसायला नाही. सायकल लेनमध्येही उजवीकडे वळण्याआधी शेवटच्या २०० फुटांतच शिरायचं, तेही सायकलवाला येत नाही ना हे मान वळवून बघून.

आकड्यांचा बाऊ सगळेच करतात: फूट, मैल, १००, २००, ३००, ५००. तक्ता करून पाठ केला तर परीक्षेच्या दिवशी तो नेमका एका ओळीने सरकतो. त्यापेक्षा आकड्यामागचं कारण धरावं. ताशी १५ मैल ही मर्यादा तीन ठिकाणी येते. पहिलं ठिकाण आंधळा चौक, म्हणजे स्टॉपच्या पाट्या नसलेला आणि शेवटचे १०० फूट उरले असताना आडव्या रस्त्यावर दोन्हीकडे १०० फूट दिसत नाही असा. दुसरं, दोन इमारतींमधली बोळ. तिसरं रेल्वे फाटक, जिथे रुळांवर दोन्हीकडे ४०० फूट दिसत नाही. तिथे शेवटच्या १०० फुटांत १५. तिन्ही ठिकाणी नजर पुढे पोहोचत नाही. १५ हा न दिसण्याचा वेग, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

ताशी २५ मैल हा माणसं राहतात-फिरतात त्या जागेचा वेग: वस्ती, बाजारपेठ, आणि मुलं बाहेर असताना शाळेच्या ५०० फुटांत. २५ मैल म्हणजे आपले ४० किलोमीटर. दुभाजक नसलेल्या दोन लेनच्या रस्त्यावर ५५, बहुतेक फ्रीवेवर, म्हणजे चौक-सिग्नल नसलेल्या महामार्गावर ६५, आणि तशी पाटी असेल तिथे ७०. मात्र या सगळ्यांच्या वर एक मूळ नियम आहे, त्याला बेसिक स्पीड लॉ म्हणतात. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, पाऊस, धुकं, गर्दी बघून जो वेग सुरक्षित असेल त्याच्यापुढे जायचं नाही. ६५ च्या पाटीखाली दाट धुक्यात ६५ ने चालवणं हा गुन्हा ठरू शकतो. पर्यायात ‘पाटीवरच्या मर्यादेइतका’ असं दिसलं आणि प्रश्नात पाऊस असेल, तर ते उत्तर सोडून द्यायचं.

पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवायला हँडबुक सांगतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागायचं, आणि तीन होण्याआधी आपण तिथे पोहोचलो तर मागे व्हायचं. ६५ च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ९५ फूट जाते, म्हणजे तीन सेकंद म्हणजे जवळजवळ २८५ फूट. एवढी मोकळी जागा आपल्याकडच्या डोळ्याला वाया गेल्यासारखी वाटते. त्या जागेत कोणी शिरलं तर पुन्हा मागे व्हायचं. वळण्याआधी १०० फूट इंडिकेटर द्यायचा आणि फ्रीवेवर लेन बदलण्याआधी किमान पाच सेकंद.

दिव्यांच्या बाबतीत पावसाळ्यात घाट चालवलेल्यांनी नीट लक्ष द्यावं. मुसळधार पावसात चारी इंडिकेटर लावून चालायची सवय आपल्याकडे पसरली आहे. इथला नियम असा की पाऊस, धुकं किंवा बर्फामुळे वायपर चालू ठेवावे लागत असतील तर हेडलाइट चालू असलेच पाहिजेत. धुक्यात लो बीम लावायचा; हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. समोरून गाडी ५०० फुटांत आली की हाय बीम खाली करायचा, आणि कोणाच्या मागे ३०० फुटांत असलो तरीही. घाटाची मात्र एक सवय कामाला येते. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर पुढचं २०० फूट दिसत नसेल तर हॉर्न द्यायला हँडबुकच सांगतं. दोन गाड्यांना जागा नसेल अशा चढावर उतरणाऱ्याने मागे व्हायचं, चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. ताम्हिणीत आणि वरंध्यात गाडी चालवलेल्याला हा प्रश्न वाचून बरं वाटेल.

पार्किंगमध्ये चढ-उताराचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो. हँडब्रेक सुटला तर गाडी कुठे घरंगळेल, एवढाच विचार करायचा. कर्ब म्हणजे फूटपाथची कड. चढावर तोंड करून कर्बपाशी लावली असेल तर गाडी मागे जाणार, म्हणून पुढची चाकं कर्बपासून लांब, म्हणजे डावीकडे वळवायची आणि गाडी हळूच थोडी मागे येऊ द्यायची. चाकाची मागची बाजू कर्बला टेकते आणि तो दगडच अडसर होतो. उतारावर गाडी पुढे जाणार, म्हणून चाकं कर्बकडे, उजवीकडे. कर्बच नसेल तर चढ असो वा उतार, चाकं उजवीकडेच, म्हणजे गाडी सुटली तरी रस्त्यावर न येता बाहेर जाईल. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला लागते, त्यामुळे हे चित्र मनात उलटं उमटतं. कागदावर एकदा काढून बघा.

कर्बचा रंगही वाचावा लागतो. आपल्याकडे दुभाजक आणि कडा रंगवतात त्या रात्री दिसाव्यात म्हणून. इथे रंग म्हणजे नियम. लाल कडेला थांबायचंच नाही. पिवळ्या कडेला माणसं किंवा माल चढवण्या-उतरवण्यापुरतं, पांढऱ्याला माणसं घेण्या-सोडण्यापुरतं. हिरव्या कडेला पाटीवर लिहिलेल्या थोड्या वेळासाठी गाडी लावता येते आणि निळी कड अपंगांसाठी राखीव. कडेला समांतर लावताना चाकं कर्बपासून १८ इंचांच्या आत हवीत, आणि अग्निशमन दलाच्या हायड्रंटपासून गाडी १५ फूट लांब.

स्कूल बस थांबून लाल दिवे उघडझाप करू लागली की मागच्यांनी थांबायचं आणि समोरून येणाऱ्यांनीही, दिवे बंद होईपर्यंत. अपवाद एकच: रस्ता दुभाजकाचा असेल किंवा दोन्ही दिशांना प्रत्येकी दोन किंवा जास्त लेन असतील तर समोरच्या बाजूच्यांना थांबावं लागत नाही. प्रश्न बहुतेकदा या अपवादावर येतो. ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशमनची गाडी सायरन वाजवत आली की जरासं बाजूला सरून चालत राहायचं नाही. रस्त्याच्या उजव्या कडेला जाऊन पूर्ण थांबायचं. चौकाच्या आत असाल तर चौक ओलांडून मग थांबायचं.

चालणाऱ्या माणसांबद्दलची पानं सगळ्यात सावकाश वाचावीत. क्रॉसवॉक म्हणजे फक्त रंगवलेले पट्टे नव्हेत. दोन रस्ते जवळपास काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यावर, पट्टे नसले तरी, कायद्याने क्रॉसवॉक असतोच. तिथे पायी माणसाला वाट द्यायची. क्रॉसवॉकपाशी एखादी गाडी थांबलेली असेल तर तिच्या बाजूने पुढे जायचं नाही, कारण ती ज्याच्यासाठी थांबली आहे तो माणूस तिच्याआड तुम्हाला दिसत नाही. पांढरी काठी घेतलेला अंध माणूस कोपऱ्यावर उभा असेल तर क्रॉसवॉकपासून पाच फुटांच्या आत थांबायचं, म्हणजे त्याला गाडीचा आवाज कळतो. हॉर्न द्यायचा नाही, ओरडून ‘जा, जा’ सांगायचं नाही. त्याने काठी आत ओढली आणि एक पाऊल मागे घेतलं, तर तो सांगतो आहे की मी आत्ता जात नाही. रस्त्यावर एकमेकांशी बोलायची इतकी नितळ खूण दुसरी नाही.

दारूचे आकडे सोपे आहेत: २१ वर्षं किंवा वरच्यांना रक्तात ०.०८ टक्के झालं की गुन्हा, २१ च्या आतल्यांना ०.०१ टक्के. लायसन्स घेतलं म्हणजे पोलिसांनी अटक केल्यावर तपासणीला तुमची संमती धरलेली असते. हा नियम फक्त दारूपुरता नाही, गुंगी आणणारं खोकल्याचं औषधही त्यात येतं.

प्रश्न वाचताना इंग्रजीतल्या तीन-चार छोट्या शब्दांवर बोट ठेवा: मस्ट, मे, अनलेस, ओन्ली. ‘मस्ट’ म्हणजे केलंच पाहिजे, ‘मे’ म्हणजे केलं तर चालतं. ‘ऑलवेज’ किंवा ‘नेव्हर’ असलेला पर्याय खरा असेलही, पण त्याला अपवाद आठवतो का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागदपत्रांत आपली माणसं नावाशी अडकतात. मराठी माणसाच्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ऑनलाइन अर्जातही नाव तसंच्या तसं भरावं, सुटसुटीत करायला जाऊ नये. रिअल आयडी प्रकारचं, म्हणजे देशांतर्गत विमानप्रवासात ओळखपत्र म्हणून चालणारं लायसन्स हवं असेल तर राहत्या पत्त्याचे दोन वेगवेगळे पुरावे लागतात. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर लायसन्सची मुदत तुमच्या मुक्कामाच्या मुदतीशी बांधलेली असते. खिडकीपाशी अंगठ्याचा ठसा, फोटो आणि डोळ्यांची तपासणी होते, म्हणून चष्मा घरी विसरू नका. एका अर्जावर परीक्षेच्या तीन संधी असतात आणि अर्ज १२ महिने चालतो. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर तिला ४६ प्रश्नांतले ३८ बरोबर लागतात, आणि नापास झाल्यावर सात दिवस थांबावं लागतं.

लेखी पास झाल्यावर अठरा वर्षांवरच्यांना परमिट मिळतं. त्यावर शेजारी लायसन्सवाला बसवून सराव करायचा आणि मग चाकामागची परीक्षा. परीक्षक बाजूला बसतो, हातात कागद असतो. गाडी आवारातून बाहेर काढायची असते आणि आवार जिथे रस्त्याला मिळतं तिथे मध्ये फूटपाथ आडवा जातो. पाटी नाही, लिमिट लाइन नाही. फूटपाथच्या अलीकडे गाडी पूर्ण थांबवायची, नाक खाली वाकून पुन्हा वर येईपर्यंत. मग आधी डावीकडे बघायचं, कारण इथे पहिली गाडी डावीकडून येते, मग उजवीकडे, पुन्हा एकदा डावीकडे, आणि फूटपाथवरून कोणी चालत येत असेल तर त्याला जाऊ द्यायचं.